एक शिक्षिका, पट दोन

(डायनिंग टेबल, लॅपटॉपचा क्लोजअप)

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया. सकाळचे साडेनऊ झालेत, पोह्यांची बशी अजून टेबलावरच आहे आणि शेजारी लॅपटॉपवर राज्याच्या शिक्षण खात्याचा फॉर्म उघडलाय. प्रायव्हेट स्कूल अ‍ॅफिडेव्हिट, इथे सगळे नुसतं पीएसए म्हणतात, दरवर्षी 1 ते 15 ऑक्टोबरच्या दरम्यान भरायचा. होमस्कूलिंग असा वेगळा कायदाच कॅलिफोर्नियात नाहीये, म्हणून घरी शिकवायचं तर कागदोपत्री आपल्या घराचीच खाजगी शाळा करायची, आणि तेही शपथेवर.

आता स्क्रीनकडे बघा. शाळेचं नाव, तिथे मुलांच्या आईंनी आजोळच्या वाड्याचं नाव टाकलंय. मुख्याध्यापक, त्या स्वतः. रेकॉर्ड कोण सांभाळणार, त्याच. शिक्षक किती, 1. पट, तिसरीत 1 आणि सहावीत 1. मुलामुलींची एकत्र शाळा आहे का, तर हो, बहीणभाऊ आहेत. इथे त्यांना जे हसू फुटलं ते आम्ही कापलं नाही.

आज हा फॉर्म पंधरा मिनिटांत होतो. पण 2008 च्या फेब्रुवारीत इथल्या अपील कोर्टाने सांगितलं होतं की शिक्षकाचं सरकारी प्रमाणपत्र नसेल तर आईवडिलांनी घरी शिकवायचं नाही, मग काय, राज्यभर घराघरांत धाबं दणाणलं, गव्हर्नर श्वार्झनेगरसुद्धा निकालाच्या विरोधात बोलले, आणि कोर्टाने पुन्हा सुनावणी घेऊन ऑगस्टमध्ये स्वतःचाच निकाल फिरवला. म्हणून हे टेबल आज शाळा आहे.

(सॅक्रामेंटोजवळचं घर, खोका उघडताना)

हे दुसरं घर. इथली मुलंही घरीच शिकतात, पण पटावर आहेत चार्टर स्कूलच्या, म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या पब्लिक शाळेच्या. खोक्यातून निघतोय मायक्रोस्कोप, नवाकोरा, आणि त्याच्या बुडाशी बघा, शाळेचा बारकोड. शाळा सोडली की तो परत द्यायचा. शाळेगणिक रक्कम वेगळी, पण बऱ्याच ठिकाणी एका मुलामागे वर्षाला 2000 डॉलरच्या वर मिळतात, हातात नाही हं, ऑर्डर शाळेतर्फे, क्लासही त्यांच्या यादीतलाच. पियानोचे सर यादीत नसतील तर पियानो स्वतःच्या खिशातून. धार्मिक पुस्तकं या पैशातून अजिबात नाहीत.

(लायब्ररी, शिक्षिका आणि मुलगा)

आणि या शाळेने नेमलेल्या शिक्षिका. साधारण दर 20 शाळेच्या दिवसांनी भेटतात, वहीतली दोन पानं निवडतात, फोटो काढतात, फाईलला लावतात. बाई गोड आहेत, खरंच. पण मुलाचा चेहरा बघा, कुठलं पान दाखवायचं ते आधीच ठरवून आलाय. 2019 मध्ये सॅन दिएगोत ऑनलाइन चार्टरच्या मोठ्या घोटाळ्यात 11 जणांवर आरोप ठेवले गेले, मग 2020 पासून अशा, म्हणजे वर्गात न भरणाऱ्या, नव्या चार्टरना तात्पुरती मनाई आली, तपासणी वाढली, आणि घोटाळा ज्यांनी केला ते राहिले बाजूला, सह्या वाढल्या या मुलाच्या आईच्या. ती मात्र तक्रार करत नाही, म्हणते एका पगारात मायक्रोस्कोप कुठून आणला असता मी?

पीएसए घेतलं तर स्पेशल एज्युकेशनच्या, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या, बऱ्याच सरकारी सोयी हातच्या जातात आणि पुढे पब्लिक हायस्कूलने घरी पूर्ण केलेल्या विषयांचे क्रेडिट धरले नाहीत तर वर्ष अडू शकतं, हेही सांगून ठेवतो.

(पुन्हा फ्रीमाँट)

परीक्षा नाही, भेट नाही, बारकोड नाही आणि सरकारचा एक डॉलरही नाही. सहावीतली ताई गेले तीन आठवडे फक्त मुंग्यांच्या मागे आहे, बागेत पालथी पडून, हातात भिंग, तेही घरातलंच जुनं, दांडीला चिकटपट्टी लावलेलं. तिला कोणी थांबवलेलं नाही.

आत सबमिट दाबून झालंय. कॉपी प्रिंट करायचीये तर प्रिंटरमधला कागद संपलाय. आई टेबलावरचं एक चित्र उचलते, उलटं करते आणि ट्रेमध्ये सरकवते. पाठीमागून धाकट्याचा आवाज येतो, "आई, ते माझंय!"