काडी ओढण्याआधीचा हनुक्का

मुलांच्या गटाबरोबर हनुक्काचे, म्हणजे ज्यूंच्या आठ रात्रींच्या दिव्यांच्या सणाचे, दिवे लावायचे ठरले की पहिला घोळ मेणबत्त्यांच्या हिशोबात होतो. पेटीत 44 असतात. एकापासून आठपर्यंत रोज एक वाढवत 36, आणि रोजचा एक शमाश, म्हणजे बाकीच्या पेटवणारी मेणबत्ती, अशा आठ. हा हिशोब एका मेनोराचा, म्हणजे या मेणबत्त्या ज्यात बसवतात त्या एका दीपदानाचा. तुमच्याकडे 15 मुलं, प्रत्येकाची मेनोरा वेगळी आणि कार्यक्रम पाचव्या रात्री असेल, तर मुलामागे सहा, एकूण 90. दोन पेट्यांत बरोबर दोन कमी पडतात, मोडतील त्या वेगळ्याच. तीन आणा. केकवरच्या बारीक मेणबत्त्या मात्र नकोत. अंधार पडल्यावर ज्योत अर्धा तास तरी टिकायला हवी, आणि त्या केव्हाच विझून जातात.

मेनोरा मुलांकडूनच करून घ्यायची असेल तर फूटभर लांबीच्या फरशीच्या तुकड्यावर लोखंडी नट चिकटवा. आठ एका रेषेत, एकाच उंचीवर. शमाशचा नववा थोडा उंच किंवा बाजूला. नट घ्यायला जाताना मेणबत्ती बरोबर न्या आणि दुकानातच बसवून बघा. ग्लू गन वापरू नका. ज्योत खाली उतरली की नट तापतो, गोंद मऊ पडतो आणि मेणबत्ती कलते. इपॉक्सी लावा, तेही आदल्या दिवशी. दोन मेणबत्त्यांत दोन बोटांचं अंतर ठेवा. त्याहून जवळ असल्या तर एकमेकींच्या आचेने वाकतात, आणि प्रत्येक ज्योत सुटी दिसावी हा नियमही मोडतो.

आता क्रम. मेणबत्त्या मेनोरात बसवायच्या उजवीकडून डावीकडे, पेटवायच्या डावीकडून उजवीकडे. म्हणजे आजची नवी सर्वांत आधी पेटते. मुलं टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसवलीत की समोरच्याला सगळं उलटं दिसतं आणि अर्धी मुलं चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. सगळ्यांना एकाच बाजूला उभं करा. शमाश पेटवून आशीर्वाद, म्हणजे ठरलेल्या प्रार्थना, म्हणायच्या, मगच बाकीच्या. आशीर्वाद रोज दोन, पहिल्या रात्री तीन.

डावखुऱ्या मुलांकडे लक्ष असू द्या, हे सहसा कुणी सांगत नाही. उजव्या हाताने पेटवणाऱ्याचा हात न पेटलेल्या मेणबत्त्यांवरून येतो. डावखुऱ्याचा थेट पेटलेल्या ज्योतींवरून. त्यांना मेनोराच्या उजव्या टोकाशी उभं करा. बाह्या दुमडलेल्या, केस बांधलेले, पंखे बंद, टेबलावर प्लास्टिक नाही, पाण्याची बादली हाताशी. एका वेळी तीनच मुलं, शेजारी एक मोठं माणूस. आणि फुंकायचं नाही हे आधीच बजावा. वाढदिवसाची सवय लगेच उसळते.

अर्धा तास ज्योती जळत असताना त्यांच्या उजेडात वाचन, हस्तकला काही करायचं नाही. खोलीतले विजेचे दिवे चालू ठेवा आणि ड्रेडलचा, म्हणजे भोवऱ्याचा, खेळ दुसऱ्या टेबलावर मांडा, भोवरा मेनोरावर आपटायला नको.

तारीख ठरवताना शुक्रवार टाळलेला बरा. त्या दिवशी हनुक्काचे दिवे शब्बाथच्या, म्हणजे त्या संध्याकाळी सुरू होणाऱ्या ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, दिव्यांआधी, सूर्यास्तापूर्वी लावावे लागतात आणि तरी अंधारानंतर अर्धा तास जळायला हवेत. पेटीतल्या साध्या मेणबत्त्या तेवढ्या पुरत नाहीत. शिवाय गटात लावलेल्या दिव्यांनी घरचं कर्तव्य पार पडत नाही. ज्यू घरांतली मुलं घरी जाऊन पुन्हा लावतील, तेव्हा कार्यक्रम फार लांबवू नका.