सुस्पिरिया: म्युनिकमध्ये शूट झालेली एक रंगीत भीती

(मंडळाच्या मेळाव्यातल्या भाषणाचं थोडी काटछाट करून दिलेलं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? छान.

कार्यकारिणीने मला सांगितलं सिनेमावर बोल, पण कुठल्या ते विचारलंच नाही, तेव्हा आता जे ऐकाल त्याची जबाबदारी त्यांची. मी बोलणार आहे एका इटालियन हॉरर पिक्चरबद्दल. सुस्पिरिया, 1977 सालचा, दिग्दर्शक दारिओ अर्जेंतो. आणि तो इथे काढायला कारण आहे. पिक्चर इटालियन, गोष्ट फ्रायबुर्गमध्ये घडते असं दाखवलंय, पण बाहेरचं बरंचसं शूटिंग झालंय आपल्या म्युनिकमध्ये. सुरुवातीचा विमानतळ म्हणजे रीमचा जुना एअरपोर्ट, जिथे आता मेसे, म्हणजे प्रदर्शनांचं केंद्र, आहे. दोन मुली पोहता पोहता कुजबुजतात तो तलाव म्युलरशेस फोक्सबाडचा, डॉक्टर जिथे चेटकिणींची माहिती देतो ते बीएमडब्ल्यूचं टॉवर, आणि आंधळा पियानोवाला बसतो ते होफब्रॉयहाउस, आपली प्रसिद्ध बियरची जागा. इंडियाहून पाहुणे आले की आपण त्यांना जिथे जिथे फिरवतो ना, जवळजवळ तीच टूर.

गोष्ट पटकन सांगते, कारण ती तेवढीच आहे. सुझी बॅनियन नावाची अमेरिकन मुलगी बॅले शिकायला एका नामांकित डान्स अकादमीत येते, रात्रीची, धो धो पावसात. दारातच एक मुलगी घाबरून पळून जाताना दिसते, त्याच रात्री तिचा खून होतो, मग अकादमीत एकेक प्रकार सुरू होतात, छतातून अळ्या पडतात, शिक्षिका रात्री घरी जातात म्हणतात पण पावलं मात्र आतल्याच बाजूला जाताना ऐकू येतात, आणि शेवटी कळतं की हे सगळं चेटकिणींचं काम. झालं. धारप-मतकरी वाचून वाढलेल्या माणसाला हे तिसऱ्या पानावर कळेल. त्यामुळे गोष्टीसाठी बघायला बसलात तर तुम्ही अर्ध्या तासात मोबाइल काढणार, मला खात्री आहे.

पण पहिली दोन मिनिटं नीट बघा. विमानतळाच्या आत नेहमीचा गलबला, सुझी दाराकडे चालत येतेय. काचेचं दार उघडतं, बाहेरचा वारा-पाऊस दिसतो आणि त्याच्याबरोबर म्युझिक येतं. दार मिटतं, म्युझिक बंद. परत उघडतं, परत म्युझिक. म्हणजे ते म्युझिक तिच्यासाठी बाहेर थांबलंय आणि ही बिचारी आता त्यातच पाऊल टाकणार. मध्येच त्या दाराच्या यंत्राचा क्लोजअप येतो, लोखंडी दांडा खटकन सरकतो, बस. एक प्रवासी एअरपोर्टच्या बाहेर पडली याहून जास्त काहीही झालेलं नाही आणि आपल्या पोटात गोळा आलेला असतो. मग टॅक्सी. ड्रायव्हर बॅगांना हात लावत नाही, पत्ता सांगितला तर त्याला तिचा उच्चार कळत नाही, परत परत सांगावा लागतो. हा सीन इथे नवीन आलेल्या प्रत्येकाने स्वतः केलेला आहे. (हशा) फक्त तिच्या तोंडावर लाल, मग निळा, मग हिरवा उजेड पडत असतो, आणि तो येतोय कुठून याचा कॅमेरा काही हिशेब देत नाही.

आता माझा विषय. मंडळाच्या नाटकांना लाइट मी करते हे तुम्हाला माहितीये, आणि नाटकात भुताचा प्रवेश आला की आपण स्पॉटवर हिरवं जिलेटीन लावतो, रामसे बंधूंच्या पिक्चरमधेही निळं-लाल असायचंच. मग सुस्पिरियात वेगळं काय? तर कॅमेरामन लुचानो तोवोली यांनी मोठे आर्क लाइट घेतले आणि त्यांच्यापुढे रंगीत मखमलीच्या आणि टिश्यूच्या चौकटी उभ्या केल्या, नटांच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ. त्यामुळे रंग हवेत पसरत नाही, कातडीवर चढून बसतो. अर्जेंतोच्या डोळ्यासमोर होते डिस्नेच्या स्नो व्हाइटमधले रंग, म्हणजे लहान मुलांच्या कार्टूनचे! आणि हे रंग पडद्यावर उतरवायला त्यांनी रोमच्या टेक्निकलर लॅबमधून डाय ट्रान्सफर पद्धतीने प्रिंट काढल्या, ही पद्धत तेव्हा बंद पडत चालली होती. बऱ्याच लोकांना वाटतं की यासाठी जुना थ्री-स्ट्रिप कॅमेरा, म्हणजे तीन रंग तीन वेगळ्या फिल्मवर टिपणारा, आणला होता, तसं नाही, शूटिंग साध्या ईस्टमनकलर निगेटिव्हवर झालं, करामत प्रिंटमध्ये आहे. तीन रंग वेगवेगळे काढायचे आणि छापखान्यात कॅलेंडर छापतात तसे एकावर एक फिल्मवर छापायचे. म्हणून त्यातला लाल रंग इतका दाट दिसतो की रक्त सुद्धा रक्तासारखं न दिसता रंगासारखं दिसतं.

अजून एक गंमत आहे ती एकदा कळली की मग दिसतच राहते. अकादमीतल्या दारांच्या मुठी बघा. खूप वर आहेत, मोठ्या बाईच्या जवळजवळ डोळ्यांच्या रेषेत. अर्जेंतोला मुळात या शाळेत लहान मुली हव्या होत्या, बारा वर्षांच्या आतल्या. त्याचे वडील साल्वातोरे अर्जेंतो, तेही निर्मितीत होते, ते म्हणाले हे जमणार नाही, एवढ्या हिंसक पिक्चरमध्ये लहान मुलं घेतली तर बंदीच येईल. मग मोठ्या वयाच्या नट्या घेतल्या, पण संवाद फारसे बदलले नाहीत आणि मुठी वर चढवल्या. म्हणून या मोठ्या मुली एकमेकींना जीभ काढून दाखवतात, एस अक्षराने सुरू होणारी नावं सापांची असतात असं चिडवतात. पहिल्यांदा बघताना वाटतं काय ही ॲक्टिंग! पण त्या मुठींपुढे त्या खरंच छोट्या दिसतात, आणि आपणही.

म्युझिक गोब्लिन नावाच्या रोमच्या बँडचं. त्यातलं काही शूटिंगच्या आधीच तयार होतं आणि ते सेटवर मोठ्या आवाजात लावायचे, म्हणजे नट्या ते ऐकत ऐकत काम करत होत्या. हे परवडायचं कारण तेव्हा इटलीत सेटवरचा आवाज वापरायची पद्धतच नव्हती, सगळं नंतर डब व्हायचं, जो तो आपापल्या भाषेत बोलायचा. त्या म्युझिकमध्ये घंट्यांसारखी एक साधी धून आहे, मूग कंपनीचं सिंथेसायझर आहे, बुझुकी हे ग्रीक तंतुवाद्य आहे, कुजबुज आहे, आणि मंडळी, तबला आहे. आपला तबला! हेडफोन लावून ऐका म्हणजे बायाँ कळेल. तबल्याची अशी भीती वाटू शकते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

आता कोनिग्सप्लाट्झ, म्युनिकमधला तो मोठा चौक. आपण उन्हाळ्यात तिथे कॉन्सर्टला जातो, गवतावर चटई टाकून बसतो. पिक्चरमध्ये ते गवत नाहीये, सगळी दगडी फरशी आहे. ती नाझींनी 1935 मध्ये परेडसाठी टाकलेली ग्रॅनाइटची फरशी, 1980च्या दशकाच्या शेवटी काढली आणि परत हिरवळ केली. याच चौकात मे 1933 मध्ये पुस्तकं जाळली होती. तर तो आंधळा पियानोवाला डॅनियल, अकादमीतून हाकललेला, बियर पिऊन आपल्या कुत्र्याबरोबर रात्री घरी निघालाय. कॅमेरा लांब जातो, त्या खांबांच्या इमारतींमध्ये माणूस मुंगीएवढा. कुत्रा भुंकायला लागतो. डॅनियल विचारतो कोण आहे, कोणी उत्तर देत नाही. इमारतीवर कसलीतरी सावली सरकते, मग कॅमेराच वरून झेप घेऊन त्याच्या डोक्यावरून जातो. आपल्याला वाटतं आता वरून काहीतरी येणार. आणि येतं ते शेजारून, त्याचा स्वतःचा कुत्रा त्याच्या गळ्यावर. या सीनमध्ये रंगांचा खेळ जवळजवळ नाहीच, फक्त मोकळी जागा आहे, आणि माझ्या मते पिक्चरमधला हाच सगळ्यात चांगला सीन. इतिहासाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. जागाच बोलते.

माझी एक मैत्रीण, इथेच बसलीये, तिला हा पिक्चर अजिबात आवडला नाही. ती म्हणते बायकांना इतकं सजवून सजवून का मारायचं? पहिला खून, तो रंगीत काचेच्या छताचा, मलाही पूर्ण बघवत नाही, आणि तिचा मुद्दा मला खोडता येत नाही. एवढंच सांगते की या गोष्टीत सत्ता कोणाकडे आहे बघा, मारणाऱ्या बायका, वाचणारी बाई, पुरुष सगळे पगारी नोकर किंवा माहिती सांगणारे. पटकथा अर्जेंतोबरोबर दारिया निकोलोदी यांनी लिहिली, आणि मूळ कल्पना आपल्या आजीने सांगितलेल्या गोष्टीतून आली असं त्या सांगायच्या. म्हणून आक्षेप जातो असं नाही. पण बघताना हे दोन्ही डोक्यात ठेवून बघावं लागतं.

2018 मध्ये लुका ग्वादान्यिनोने याच गोष्टीवर नवा पिक्चर केला, बर्लिनमध्ये घडणारा, मुद्दाम करडा, मातकट. हुशार पिक्चर आहे, नाचही त्यात खरा आहे, पण मला तो रंगांचा उपास वाटला. कोणाला तोच जास्त आवडला असेल तर जेवताना भांडू.

बघणार असाल तर जुनी धुरकट कॉपी नको, तोवोलींच्या देखरेखीखाली केलेलं 4के रिस्टोरेशन बघा. भाषा इंग्रजी लावा, कारण सुझी झालेल्या जेसिका हार्परचा खरा आवाज त्यातच आहे. खोलीत अंधार करा, आवाज मोठा ठेवा, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, इथे रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते ते तुम्हाला माहीतच आहे. आणि लहान मुलं झोपल्यावरच, हे अगदी सिरियसली सांगतेय. ज्यांच्याकडे मोठा टीव्ही आहे त्यांनी चहाच्या वेळेला माझ्याकडे नावं द्या, डिस्क मी आणते.