मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये आखूड काडतूस

(नेमबाजांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. रिव्हॉल्व्हरच्या नळीवर ‘मॅग्नम’ (म्हणजे जास्त जोराच्या काडतुसाचं नाव) कोरलेलं असताना त्यात आखूड आणि सौम्य काडतूस का वापरायचं, कसं वापरायचं आणि त्याने रिव्हॉल्व्हरचं काय होतं, एवढ्यावरच मी आज बोलणार आहे. .३५७ मॅग्नममध्ये .३८ स्पेशल चालतं हे बहुतेकांना पाठ असतं. म्हणून ते बाजूला ठेवतो आणि त्याहून बारीक कॅलिबरकडे (कॅलिबर म्हणजे गोळीचं माप, इथे इंचात), .३२ च्या घराण्याकडे वळतो. इथे एकाच सिलिंडरमध्ये पणजोबांपासून पणतूपर्यंत सगळे बसतात.

पणजोबा म्हणजे .३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन). १८७८ सालचं, काळ्या दारूच्या जमान्यातलं. पुंगळी, म्हणजे दारू आणि गोळी धरणारं धातूचं कवच, जेमतेम साडेपंधरा मिलिमीटरची. मग १८९६ मध्ये .३२ एस अँड डब्ल्यू लाँग आलं, पुंगळी २३.४ मिलिमीटर. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं इथे फारशी हालचाल नव्हती. १९८४ मध्ये हॅरिंग्टन अँड रिचर्डसन आणि फेडरल या कंपन्यांनी मिळून पुंगळी २७.३ मिलिमीटरवर नेली, ते .३२ एच अँड आर मॅग्नम. आणि २००७ मध्ये फेडरल आणि रुगर यांनी ३०.५ मिलिमीटरचं .३२७ फेडरल मॅग्नम आणलं. नावातल्या आकड्यांनी बिचकू नका. चौघांच्याही गोळीचा व्यास .३१२ इंच, म्हणजे साधारण ७.९ मिलिमीटरच आहे. पुंगळीची जाडी तीच आणि बुडाची कडही तीच. काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या त्याच्या भोकात, त्या कडेवर अडकून राहतं, त्यामुळे पुढे पुंगळी कुठे संपते याने आग लागण्यात काही फरक पडत नाही. आखूड काडतूस लांब चेंबरमध्ये बिनबोभाट बसतं ते यामुळे.

उलट दिशेने मात्र रस्ता बंद आहे, आणि तो मुद्दाम बंद केलेला आहे. १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम काढताना पुंगळी सुमारे एक अष्टमांश इंच वाढवली. ती दारूला जागा हवी म्हणून कमी आणि जुन्या, कमजोर .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये नवं काडतूस शिरू नये म्हणून जास्त. .३२ मध्ये प्रत्येक पिढीने हेच कुलूप वापरलं. फक्त एक सावधगिरी. काही जुन्या, मधोमध मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची चेंबरं आरपार सरळ कोरलेली असतात, आत थांबवणारी पायरीच नसते. तिथे लांब काडतूस शिरलं म्हणून ते चालतं असा अर्थ कृपा करून काढू नका.

आता ताकदीचा फरक बघा. .३२ लाँगची ९८ ग्रेनची (सुमारे ६.४ ग्रॅमची) गोळी सेकंदाला साधारण २१५ मीटर वेगाने निघते. तिची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आत. .३२७ ची १०० ग्रेनची गोळी कंपनीच्या आकड्यानुसार १५०० फूट, म्हणजे सुमारे ४५७ मीटर वेगाची. ऊर्जा पावणेसातशे ज्यूलच्या घरात. वजन जवळजवळ सारखंच आणि ऊर्जा चौपटीहून जास्त. दाबाची कमाल मर्यादा लाँगला १५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), .३२७ ला ४५,०००. प्रसिद्ध .३५७ मॅग्नमची मर्यादाही ३५,००० आहे, म्हणजे हा ‘लहान’ कॅलिबरचा पोरगा दाबाच्या बाबतीत मोठ्याच्या पुढे गेलेला आहे. छोट्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचाऐवजी सहा गोळ्या बसाव्यात आणि जोर मात्र कमी होऊ नये, हा त्यामागचा हिशेब. त्याची किंमत कानाला मोजावी लागते. .३२७ चा धक्का हाताला सोसतो. पण आखूड नळीतून निघणारा तो तीक्ष्ण कडाका आणि सिलिंडरच्या फटीतून बाहेर येणारी झळ यांनी भल्याभल्यांचे डोळे चाप ओढण्याआधीच मिटतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. .३२७ घेऊन फक्त .३२७ झाडणारा माणूस हळूहळू वाईट नेमबाज होतो. चाप ओढण्याची शिस्त, पुढच्या साइटवर (नेम धरायच्या खुणेवर) नजर ठेवणं, सुटल्यानंतरही पकड तशीच ठेवणं, हे सगळं मेंदू घाबरलेला नसताना शिकलं जातं. आणि ते शिकवणारं काडतूस लाँग आहे, मॅग्नम नाही. आखूड काडतूस म्हणजे तडजोड किंवा नवशिक्यांची सोय असं काहीजण मानतात. मला ते मुळीच पटत नाही. असं रिव्हॉल्व्हर वर्षभर खाणार ते लाँगच, मॅग्नम अधूनमधून.

यावर एक रास्त शंका येते: स्वतः काडतुसं भरणाऱ्याने मॅग्नमच्याच लांब पुंगळीत थोडी दारू घालून सौम्य काडतूस का बनवू नये? बनवता येतं, आणि त्याचे फायदेही आहेत, त्यांच्याकडे येतोच. पण लांब पुंगळीत चिमूटभर दारू टाकली की आत बरीच रिकामी जागा उरते. नळी खाली करून वर आणली तर दारू गोळीजवळ राहते, वरून खाली आणली तर प्रायमरजवळ (दारू पेटवणाऱ्या टिकलीजवळ) साचते. प्रायमरची ज्वाला प्रत्येक वेळी वेगळ्या ढिगाला भिडते आणि वेग गोळीगणिक बदलतो. आखूड पुंगळीत ही रिकामी जागाच कमी असते. शिवाय पुंगळ्या वेगळ्या लांबीच्या असल्या की डब्यात सौम्य कोणतं आणि कडक कोणतं हे नुसत्या नजरेने कळतं. सारख्याच पुंगळीत दोन ताकदीची काडतुसं भरून ठेवणारा माणूस लेबलावर जगतो, आणि लेबलं निघतात.

आता आखूड काडतुसाची खरी अडचण. रिव्हॉल्व्हरचं चेंबर पुढे अरुंद होतं. त्या अरुंद भागाला आपण थ्रोट म्हणतो, आणि गोळी सरळ रेषेत नळीकडे पाठवण्याचं काम तो करतो. पुंगळी जितकी आखूड, तितकं तिचं तोंड थ्रोटपासून लांब. .३२७ च्या चेंबरमध्ये एच अँड आरची पुंगळी ३.२ मिलिमीटर मागे थांबते, लाँग सुमारे ७, आणि जुनं .३२ एस अँड डब्ल्यू तब्बल १५. मधल्या जागेत चेंबरचा व्यास गोळीपेक्षा मोठा असतो. तिथे गोळीला बाजूने आधार नाही, आणि तिच्या कडेने गरम वायू पुढे निसटतो. हाच वायू मऊ शिशाचा पृष्ठभाग वितळवून नळीत चिकटवतो.

पण हा सात मिलिमीटरचा प्रवास ऐकून लगेच नाक मुरडू नका. लाँगच्या गोल टोकाच्या गोळीचं टोक पुंगळीबाहेर आठ-नऊ मिलिमीटर आलेलं असतं, म्हणजे चेंबरमध्ये ठेवल्या ठेवल्याच ते थ्रोटपाशी पोचलेलं असतं. वॅडकटर, म्हणजे सपाट टोकाची, गोळी पुंगळीच्या तोंडाबरोबर आत दाबलेली असते, पण ती चांगली अकरा-बारा मिलिमीटर लांब असते. तिचं पुढचं टोक थ्रोटमध्ये शिरतं तेव्हा शेपूट अजून पुंगळीतच असतं. पुलासारखी ती दोन्हीकडे टेकलेली राहते. .३२ एस अँड डब्ल्यूचं मात्र तसं नाही. ती गोळी पुंगळीतून पूर्ण सुटते तेव्हा थ्रोटने तिला नीट धरलेलंही नसतं. त्यामुळे माझ्या लेखी मॅग्नम सिलिंडरमधलं ते काडतूस ही गंमत आहे. डब्यात सापडलं तर झाडून बघा, नेमाची अपेक्षा ठेवू नका.

लाँगच्या अचूकतेबद्दल शंका असेल तर आंतरराष्ट्रीय २५ मीटर सेंटर-फायर स्पर्धा बघा. तिथे ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर कॅलिबर चालतं, म्हणजे .३८ लाही मुभा आहे. तरी मोठमोठे खेळाडू .३२ लाँग वॅडकटरच निवडतात. ती पिस्तुलं त्याच काडतुसासाठी बनलेली असतात हे खरं, त्यामुळे लांब चेंबरच्या रिव्हॉल्व्हरकडून तेवढी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. पण काडतुसात खोट नाही एवढं त्यातून सिद्ध होतं.

आता चेंबरमधल्या मळीकडे येऊ, कारण आखूड काडतुसाच्या नावाने बोटं मोडली जातात ती तिच्यामुळे. पुंगळीच्या तोंडापुढे काजळी, गोळीवरचं वंगण आणि शिशाचे कण यांचं कडं जमतं. आखूड काडतुसंच झाडत राहिलात तर ते कुणाच्या वाटेत येत नाही. मग तुम्ही मॅग्नम भरता. काडतूस थोडं अडतं, तुम्ही अंगठ्याने दाबता आणि ते बसतं. इथेच हात थांबला पाहिजे. लांब पुंगळीचं तोंड आता त्या कड्यात घट्ट रुतलंय. गोळी सुटण्यासाठी पुंगळीचं तोंड किंचित उघडावं लागतं, आणि कडं त्याला उघडू देत नाही. आधीच ४५,००० च्या मर्यादेवर चालणाऱ्या काडतुसात दाब आणखी वाढवायला हे पुरेसं आहे. त्यातल्या त्यात सौम्य परिणाम म्हणजे रिकाम्या पुंगळ्या इतक्या अडकतात की इजेक्टरवर (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या दांड्यावर) तळहात मारावा लागतो.

उपाय सोपा आहे. द्रावक लावून चेंबरमध्ये ब्राँझचा ब्रश फिरवायचा. नळीच्या मापाचा ब्रश चेंबरमध्ये सैल पडतो, म्हणून एक माप मोठा, .३५ चा घ्या. लोखंडी तारेचा नको. मॅग्नमच्याच पुंगळीत सौम्य दारू भरण्याचा मोठा फायदा इथे आहे: कडं जिथे जमायचं तिथे पुंगळीच असते.

या कड्यामुळे सरावाच्या क्रमात एक पेच येतो. रिव्हॉल्व्हरच्या सोयीने बघितलं तर मॅग्नम आधी झाडावं, चेंबरं स्वच्छ असताना, आणि लाँग नंतर. नेमबाजाच्या सोयीने क्रम नेमका उलटा हवा: आधी सौम्य, हात बसल्यावर कडक. पहिल्याच फैरीला कडाका ऐकलेला हात पुढचा तासभर दचकत राहतो. मी नेमबाजाच्या बाजूने आहे. लाँगने सुरुवात करा, मध्ये थांबून सहाही चेंबरं ब्रशने साफ करा, मग मॅग्नमच्या थोड्या फैरी. पाच मिनिटं जातात, जाऊ द्या. चेंबरं साफ असल्याची खात्री झाली की सोबत्याला सांगून सिलिंडरमध्ये दोन्ही मिसळून भरून घ्या, तुम्हाला न दाखवता. लाँगला साइट खाली झुकली तर दचकणं कुठून येतंय ते तुमचं तुम्हाला दिसेल. स्वयंचलित पिस्तुलात हा खेळ जमत नाही, कारण त्याची स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे जायला ठरावीक जोर लागतो. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर तुमच्या बोटाने फिरतं. काडतूस कितीही मवाळ असो, पुढचं चेंबर समोर येतंच.

साइट स्थिर असतील तर मार कुठे बसतो ते कागदावर तपासा. हवेचा रोध बाजूला ठेवला तरी २५ मीटरवर लाँगची गोळी साडेसहा सेंटिमीटर खाली येते, मॅग्नमची दीडएक. म्हणजे नुसत्या वेगाने पाच सेंटिमीटरचा फरक. गोळीचं वजन बदललं की यात भर पडते, कारण गोळी नळीत असतानाच नळीचं तोंड वर उचललं जायला लागतं आणि जड गोळी ते जास्त उचलते. दहा मीटरवर हा फरक बहुतेकांच्या थरथरीत बुडून जातो.

सौम्य काडतुसाचा एक धोका मात्र गंभीरपणे घ्या. दारू कमी पडली तर गोळी नळीतच अडकते. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, धक्का जाणवला नाही, कागदावर भोक नाही, यातलं काहीही झालं की थांबायचं. नळी सुरक्षित दिशेला धरून थोडं थांबायचं, रिव्हॉल्व्हर रिकामं करायचं आणि नळी आरपार दिसते का ते बघायचं. मागून दुसरी गोळी आली तर नळी फुगते किंवा फाटते. हलक्या काडतुसात आवाज मुळात लहान असल्याने हा फरक ओळखायला कान तयार लागतो. आणि तो कान संरक्षणाखालीच असू द्या. लाँगचा वेग ध्वनीपेक्षा कमी असला तरी बंदुकीचा आवाज तो बंदुकीचाच.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय: .२२ मॅग्नममध्ये साधं .२२ लाँग रायफल चालेल का? नाही. इथे .३२ चा नियम लागू होत नाही. .२२ लाँग रायफलची पुंगळी साधारण ५.७ मिलिमीटर जाड, तर १९५९ च्या .२२ मॅग्नमची ६.१ च्या वर. सैल चेंबरमध्ये ती पुंगळी फुगते, चिरते आणि गरम वायू मागे येतो. म्हणूनच काही सिंगल-ॲक्शन (दर वेळी घोडा हाताने ओढावा लागणाऱ्या) रिव्हॉल्व्हरबरोबर दोन वेगळे सिलिंडर देतात. .२२ मॅग्नमचा खरा आखूड पूर्वज १८९० चा .२२ डब्ल्यूआरएफ आहे. जाडी तीच असल्याने तो तिथे चालतो, पण मिळतो क्वचितच.

आणि दुसरी चिठ्ठी .३२ एसीपीबद्दल आहे. ते पिस्तुलाचं काडतूस, कड अगदी किंचित बाहेर आलेली. .३२ च्या बऱ्याच चेंबरमध्ये ते बसतं आणि कधी कधी उडतंही. पण कड लहान असल्याने इजेक्टरचा तारा (पुंगळ्यांच्या कडा उचलणारा ताऱ्याच्या आकाराचा भाग) त्यावरून घसरतो आणि पुंगळी ताऱ्याखाली जाऊन बसते. त्याची दाबाची मर्यादा २०,५०० पीएसआय, लाँगपेक्षा जास्त, म्हणून जुन्या लाँगच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तर नकोच. .३२७ ला तो दाब काहीच नाही. तरी तुमच्या रिव्हॉल्व्हरच्या पुस्तिकेत त्याचं नाव नसेल तर मी ते भरणार नाही. लाँग आणि एच अँड आर मॅग्नम हाताशी असताना त्याची गरजही पडत नाही.