त्यांच्या ओसरीवर

(तरुण संघाच्या सुवार्ताफेरीआधी दिलेलं व्याख्यान)

भावांनो, बहिणींनो, सर्वांना सलाम.

येत्या आठवड्यात तुम्ही फेरीला निघणार आहात. येशूची सुवार्ता, म्हणजे शुभवर्तमान, सांगायला गावोगाव जायचं, त्याला कोणी मिशन ट्रिप म्हणतं, माझ्या तोंडी लहानपणापासून सुवार्ताफेरी हाच शब्द बसला आहे. पाळकसाहेबांनी मला तिच्या महत्त्वाविषयी बोलायला सांगितलं. माझा या फेऱ्यांवर पूर्ण विश्वास आहे, हे आधीच सांगतो. तरुणपणी वाटायचं की आपण काहीतरी बरोबर घेऊन जातो आणि तिथे देऊन येतो. आज मला वाटतं, आपण कोणाच्या तरी ओसरीवर टेकतो, त्यांनी पुढे केलेलं पाणी पितो, तिथून फेरीला सुरुवात होते.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना दोघादोघांनी गावोगाव पाठवतो. त्या सूचना नीट वाचा. पिशवी घेऊ नका, झोळी घेऊ नका, वहाणा घेऊ नका. ज्या घरात घेतील त्याच घरात राहा, वाढतील ते खा. म्हणजे ज्यांना सुवार्ता सांगायची त्यांच्याच भाकरीवर पोट भरायचं. देणारा आधी घेणारा झाला पाहिजे, अशी ती व्यवस्था आहे. आपण मात्र गाडीच्या टपावर बिसलेरीची खोकी बांधून निघतो! आजाऱ्यासाठी, लेकरांसाठी पाणी जरूर घ्या. पण एखाद्या म्हातारीने तांब्या पुढे केला तर आपली बाटली दाखवू नका.

आपल्याच मुलखातली एक फेरी सांगतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. कंपनी सरकारने त्यांना देशाबाहेर जायचा हुकूम दिला. मोठ्या खटपटीनंतर राहायची परवानगी मिळाली. नॉट तब्येतीमुळे १८१५ साली परत गेले. हॉल राहिले, मराठी शिकले, शाळा काढल्या, बायबलमधल्या नव्या कराराच्या भाषांतराला बसले. मार्च १८२६ मध्ये ते मुंबईहून नाशिक-त्र्यंबककडे फेरीला निघाले. त्या भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ होती. जवळची औषधं त्यांनी आजाऱ्यांना वाटली आणि परतीच्या वाटेवर त्यांनाच पटकीने गाठलं. २० मार्चला दोडी-दापूरला ते वारले, एका देवळाच्या ओसरीवर. वय ४१. सिन्नर ओलांडून संगमनेरकडे निघालात की हे दोडी लागतं. एसटीतून आपण कितीदा त्या गावावरून गेलो असू. त्याच वर्षी त्यांच्या मिशनचा मराठी नवा करार छापून बाहेर पडला.

त्या ओसरीचा विचार मी पुष्कळदा करतो. परक्या देशातला, परक्या धर्माचा माणूस, त्यातून पटकी झालेला. त्याला शेवटचा आडोसा मिळाला तो देवळाचा. सुवार्तेचा इतिहास आपण सांगणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. जागा देणाऱ्यांची नावं त्यात क्वचितच येतात.

आता दुसरा प्रवास. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक गोरा प्रवासी होता. त्याने त्यांना अदबीने जागा करून दिली, कवितेवर गप्पा झाल्या, मग धर्माचा विषय निघाला. उतरताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आल्यावर टिळकांना ते पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्यांची गीतं आपण दर रविवारी गातो, ते आपल्याकडे आले एका आगगाडीच्या प्रवासातून. तो प्रवासी काही फेरीवर नव्हता, त्याने सुवार्तेच्या पत्रिका वाटल्या नाहीत. एका माणसाशी माणसासारखं बोलला, एवढंच.

पण इथे थांबून चालणार नाही. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी! एका घरातल्या दोघांमध्ये पाच वर्षांचं अंतर पडतं, आणि आपण तीन दिवसांच्या फेरीनंतर अहवालात आकडे मागतो. विश्वास ठेवतो म्हणून किती हात वर झाले, किती पत्रिका गेल्या. मला हे आकडे बघवत नाहीत.

फेरीने जाणाराच कसा बदलतो, याचं उदाहरण दक्षिणेतलं आहे. वेदनायगम अजरया हे तमिळ तरुण १९०२ साली श्रीलंकेत जाफन्याला गेले. तिथले तमिळ ख्रिस्ती स्वतःच्या पैशांनी सुवार्तिक पाठवतात, हे त्यांनी पाहिलं. मग आपल्या तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या मंडळ्या, म्हणजे चर्च, का नाही पाठवत, हा प्रश्न घेऊन ते परतले, आणि १९०३ साली तिथे इंडियन मिशनरी सोसायटी उभी राहिली. पुढे ते स्वतः तेलुगू मुलखात दोर्नकलला गेले आणि १९१२ साली अँग्लिकन मंडळीचे, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या मंडळीचे, पहिले भारतीय बिशप झाले. याच अजरयांनी १९१० साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या मिशनरी परिषदेत पाश्चात्य मिशनऱ्यांना सांगितलं की तुम्ही गरिबांना अन्न दिलंत, स्वतःचे देह दिलेत, आता आम्हाला प्रेम द्या, मित्र द्या. हे मागणं आता आपल्याकडेही वळतं. आपण ज्या गावात जाणार, तिथल्या एकाचा तरी आपण मित्र होणार आहोत का?

माझी एक फेरी सांगतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही साखर कारखान्याजवळच्या ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, गेलो. जनरेटर, पडदा, प्रोजेक्टर, सगळं घेऊन. संध्याकाळी सातला येशूच्या जीवनावरचा चित्रपट दाखवायचा होता. साडेआठ झाले तरी माणसं फडातून येतच होती. बाया चुलीपाशी बसल्या, आणि मुकादम सरळ म्हणाला, "पहाटं तीनला उठायचंय यांना. तुमचा शिनेमा कोण बघंल?" त्याचं बरोबर होतं. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या झोपेला जागाच नव्हती.

पडदा गुंडाळला. आमच्यात एक नर्सताई होत्या. एका बाईच्या बोटाला कोयता लागला होता, वर फडकं बांधलेलं, आतून पू. ताईंनी कंदिलाच्या उजेडात ती जखम धुतली, पट्टी केली. धुताना त्या हळू आवाजात अभंग म्हणत होत्या, ती त्यांची सवयच. बाईने विचारलं, "कोन्या देवाचं गानं हाय?" ताईंनी दोन वाक्यांत सांगितलं. मग त्या बाईने आम्हाला बाजरीची भाकरी आणि ठेचा दिला. दिवसभर फडात राबलेल्या बाईने, आमच्यासाठी तवा पुन्हा चुलीवर ठेवून.

पुढच्या वर्षी आम्ही गेलो तर ती टोळी दुसऱ्याच कारखान्याला गेलेली. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ही माणसं दसरा-दिवाळीनंतर घर सोडतात, हंगाम संपला की परततात. भेटायचं तर त्यांच्या गावी, पावसाळ्यात. तेव्हापासून आमची फेरी श्रावणात आली. आपल्या सुट्टीप्रमाणे नव्हे, त्यांच्या असण्याप्रमाणे.

एक गोष्ट कडकपणे सांगतो. संविधानाच्या २५व्या कलमाने धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. पण दुसऱ्याचं धर्मांतर करणं हा आपला हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केलं. मला त्यात सुवार्तेविरुद्ध काही दिसत नाही. मन बदलणं हे पवित्र आत्म्याचं काम, ते आपल्या हातात कधीच नव्हतं. औषध द्याल तर औषध म्हणून द्या, त्याच्या मागे अट नको. लेकरांचे फोटो आई-बापांना विचारल्याशिवाय काढू नका. कोणाच्या देवाबद्दल वावगा शब्द नको. आणि तिथे जवळपास ख्रिस्ती मंडळी असेल तर आधी त्यांना विचारा, कारण तुम्ही परत याल, ते तिथेच राहणार आहेत.

कोयता लागलेल्या त्या बाईच्या गावी, बीड जिल्ह्यात, आम्ही पहिल्यांदा श्रावणात गेलो तेव्हा ती बाई दारातच बसली होती. आम्हाला कोणाला तिने ओळखलं नाही. नर्सताई पुढे झाल्या तशी ती उठली, बोट पुढे करून दाखवलं, पांढरा वण राहिला होता. सुनेला हाक मारून पाणी आणायला सांगितलं, ओसरीवर घोंगडी टाकली आणि म्हणाली, "बसा. ते गानं समदं म्हना आता. तवा अर्धंच झालतं."