तळहातावर काढता येणारे चिन्ह

श्रोतेहो, नमस्कार.

आजचा विषय आहे कंपन्यांची बोधचिन्हे, आणि त्यातली अडचण अगदी उघड आहे. बोधचिन्ह ही डोळ्यांनी पाहायची गोष्ट, आणि माझ्याजवळ आहे तो फक्त आवाज. म्हणून आरंभीच एक विनंती करतो. डाव्या हाताचा तळवा समोर धरावा आणि मी सांगेन ते उजव्या हाताच्या तर्जनीने त्यावर काढत जावे. ज्यांचे हात या क्षणी कणकेत आहेत किंवा गाडी चालवण्यात गुंतले आहेत, त्यांनी मनातल्या मनात काढले तरी चालेल. पुष्कळ वर्षे उपयोजित कला शिकवल्यानंतर माझे असे मत झाले आहे की जे चिन्ह नुसते बोलून दुसऱ्याच्या तळहातावर उतरवता येते, ते चांगले चिन्ह. हे मी आज आणखी एक-दोनदा म्हणणार आहे, ते कृपया सहन करावे.

पूर्वीचे मार्के असे उतरवण्याजोगे नव्हते. कापडाच्या ठाणावर, काडेपेटीवर, साबणाच्या वेष्टनावर देवदेवता, वाघ, हत्ती, मुकुट आणि पदके यांची गर्दी असे, आणि वाचता न येणारे गिऱ्हाईक त्या चित्राच्या नावानेच माल मागत असे. ती पद्धत वाईट होती असे मी म्हणणार नाही. काडेपेट्यांवरची ती चित्रे मी स्वतः लहानपणी जमवलेली आहेत. मात्र तो मार्का मालाचा असे, कंपनीचा नव्हे. कंपनीचा चेहरा कारखान्यापासून पत्राच्या कागदापर्यंत सगळीकडे एकच असावा, या कल्पनेचा मोठा प्रयोग बर्लिनमध्ये झाला. विजेची उपकरणे बनवणाऱ्या एईजी या कंपनीने १९०७ साली पेटर बेरेन्स यांना कलाविषयक सल्लागार नेमले, आणि मूळच्या चित्रकार असलेल्या या एका माणसाने कंपनीचे दिवे, विजेच्या किटल्या, जाहिराती, अक्षरांचे वळण, इतकेच नव्हे तर टर्बाइन बनवण्याचा १९०९ चा कारखानासुद्धा एकाच नजरेने घडवला. त्यांचे चिन्ह तळव्यावर काढा: एक षट्कोन, त्याच्या आत मधाच्या पोळ्यातल्या घरांसारखे तीन छोटे षट्कोन, आणि प्रत्येकात एकेक अक्षर.

अमेरिकेत आयबीएम या संगणकांच्या कंपनीला ही जाग आली ती इटलीच्या वाटेने. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन धाकटे न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरून चालले असताना ऑलिव्हेट्टी या इटालियन कंपनीच्या दुकानासमोर थबकले. दुकानाबाहेर टाइपरायटर मांडून ठेवले होते, येणाऱ्याजाणाऱ्याने हवे ते टाइप करावे म्हणून. पुढे हॉलंडमधून त्यांना एक जाड पाकीट आले, त्यात ऑलिव्हेट्टीची छापील पत्रके आणि त्यांच्या स्वतःच्या कंपनीची पत्रके एकत्र होती. ती शेजारी शेजारी मांडल्यावर आणखी कोणी काही सांगण्याची गरज उरली नाही. १९५६ साली वॉटसन यांनी एलियट नॉयस या वास्तुकाराला सल्लागार नेमले आणि नॉयस यांनी बोधचिन्हे काढणाऱ्या पॉल रँड यांना आणले. आयबीएमचे आजचे चिन्ह त्यांचेच, १९७२ सालचे. तीन जाड अक्षरे काढा आणि ती आडव्या आठ पट्ट्यांत कापा. रोमन लिपीतले आय हे अक्षर काठीसारखे बारीक, एम ऐसपैस, त्यामुळे तिघांची सांगड काही बसत नव्हती. करारपत्रांवर खोट्या सहीला आळा घालण्यासाठी बारीक आडव्या रेघा छापलेल्या असतात, त्या रँड यांच्या उपयोगी पडल्या आणि त्या रेघांनीच तिन्ही अक्षरे एकत्र ओवली गेली.

पण ज्या गोष्टीसाठी मी हा विषय घेतला ती आयबीएमची नाही, श्रोतेहो. ती सुतळीची आहे.

ज्यांनी हाताने पार्सल शिवले आहे त्यांना माझे बोलणे लवकर कळेल. माझी आत्या दर दिवाळीला इंदूरच्या आपल्या मुलीकडे फराळाचा डबा टपालाने पाठवत असे. डबा मांजरपाटात गुंडाळायचा, दाभणाने शिवायचा, वरून सुतळीचे चार वेढे घ्यायचे, मेणबत्तीवर लाख धरून जोडांवर थेंब पाडायचे आणि ते ओले असतानाच त्यांवर आजोबांच्या अंगठीची मुद्रा दाबायची. सुतळीला गाठ मारताना पहिल्या वेढ्यावर बोट ठेवण्याचे काम माझे असे, आणि आत्या ती गाठ इतकी करकचून आवळत असे की माझे बोट अनेकदा आतच अडकत असे. ती गाठ निरगाठ असे, सुरगाठ कधीही नव्हे. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच गाठीवर बांधलेली आहे.

आता अमेरिकेत जाऊ. तिथे युनायटेड पार्सल सर्व्हिस नावाची सामान पोहोचवणारी मोठी कंपनी आहे. तिला यूपीएस म्हणतात. आपल्याकडे यूपीएस म्हटले की वीज गेल्यावर पीं पीं करणारा, संगणकाखाली ठेवलेला डबा आठवतो, पण तो वेगळा. ही कंपनी १९०७ साली सिएटल शहरात निरोप पोहोचवणाऱ्या पोरांच्या बळावर सुरू झाली. १९१६ च्या तिच्या चिन्हात ढालीवर एक गरुड होता आणि त्याने पंजात पार्सल धरले होते. पुढे गरुड गेला, ढाल राहिली. १९६१ साली कंपनीने नवे चिन्ह करण्याचे काम पॉल रँड यांच्याकडे दिले.

रँड हे कोण, ते थोडे सांगितले पाहिजे. १९१४ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका धर्मनिष्ठ ज्यू घरात त्यांचा जन्म झाला आणि त्यांचे नाव होते पेरेत्झ रोझेनबाउम. वडिलांचे किराणा दुकान होते, त्याच्या पाट्या हा मुलगा रंगवत असे. व्यवसायात उतरल्यावर त्यांनी नाव बदलले आणि पॉल रँड केले. रोमन लिपीत पॉलची चार अक्षरे आणि रँडची चार, अशी ती दोन्ही बाजूंनी तोललेली जोडी. म्हणजे त्यांनी केलेले पहिले बोधचिन्ह स्वतःचेच होते, असे म्हणायला हरकत नाही. गिऱ्हाइकाला दहा नमुने दाखवून निवड करायला लावणे त्यांना मान्य नव्हते. १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी आपल्या नेक्स्ट या कंपनीसाठी काही पर्याय मिळतील का म्हणून विचारले, तेव्हा त्यांनी साफ नाही म्हणून सांगितले. मी तुमचा प्रश्न सोडवीन, तुम्ही पैसे द्याल, वापरायचे की नाही ते तुम्ही ठरवा. पर्याय हवे असतील तर दुसऱ्याकडे जा, असा त्या उत्तराचा आशय होता. पैसे होते एक लाख डॉलर. आमच्याकडे लग्नपत्रिकेचेसुद्धा बारा नमुने मागतात आणि शेवटी तेरावा, शेजाऱ्यांचा, छापतात.

असे हे गृहस्थ यूपीएसच्या ढालीसमोर बसले. आता तळवा पुन्हा समोर धरा. वरती सरळ, बाजूंनी खाली येत निमुळती होणारी आणि टोकाला मिळणारी ढाल काढा. तिच्यात तीन लहान रोमन अक्षरे घाला. ढाल म्हणजे युरोपातल्या सरदार घराण्यांचा मान, तिच्यावर सिंह असायचा, किल्ला असायचा, गेला बाजार एखादा गरुड तरी असायचाच. रँड यांनी या ढालीच्या डोक्यावर एक चौकोनी खोके ठेवले आणि त्या खोक्याला दोरी बांधून वर दोन पाकळ्यांची सुरगाठ मारली. बस्स, संपले चिन्ह. ढाल ही पवित्र मानली जाते आणि तिच्यावर खोके ठेवून आपण तिची थोडी थट्टा केली, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले. एवढी मोठी कंपनी, हजारो गाड्या, आणि तिच्या कपाळावर फराळाच्या पुडक्यासारखी गाठ!

हे रेखाटन तयार झाल्यावर त्यांनी ते आधी आपल्या घरी, स्वतःच्या लहान मुलीला दाखवले. कंपनीचे नाव नाही, कामाची माहिती नाही, नुसता कागद तिच्यापुढे धरला आणि विचारले, हे काय आहे? ती म्हणाली, "बाबा, ही तर भेट आहे." पुन्हा सांगतो: पार्सल नाही, खोके नाही, माल नाही, तर भेट. रँड यांना याहून निराळे काही ऐकायचे नव्हते.

त्या मुलीला ती भेट का वाटली असेल? माझ्या मते त्याचे उत्तर आत्याच्या सुतळीत आहे. पार्सल बांधणारा माणूस निरगाठ मारतो, कारण वाटेत कुणी ते उघडू नये अशी त्याची इच्छा असते. सुरगाठ मारली जाते ती एक टोक ओढताच सुटावी म्हणून. तिच्यात उघडणाऱ्याचा विचार असतो, आणि ज्या वस्तूत उघडणाऱ्याचा विचार आहे ती भेट. हे त्या मुलीला कुणी शिकवलेले नव्हते. तिने बुटांची नाडी बांधली असेल, वाढदिवसाची पुडकी सोडली असतील, तेवढे पुरेसे होते.

ही सुरगाठ ४२ वर्षे टिकली. त्या काळात सामान वाहण्याची पद्धत बदलली, पार्सले यंत्रांवरून, पट्ट्यांवरून धावू लागली, आणि दोरी यंत्रात अडकते म्हणून दोरीने बांधलेले पार्सल आणू नये, अशी सूचना खुद्द त्याच कंपनीची होती. म्हणजे गाडीवर दोरी आणि खिडकीवर दोरीला मनाई, अशी गंमत. शिवाय कंपनीचा पसारा आता पार्सलांपुरता राहिलेला नव्हता. २००३ साली कंपनीने नवे चिन्ह घेतले. रँड १९९६ मध्येच निवर्तले होते, त्यांना ते पाहावे लागले नाही. नव्या चिन्हात ढाल राहिली, खोके आणि गाठ गेली, आणि ढालीला चकाकी आणून ती फुगीर दाखवली गेली. कंपनीची कारणे मला पटतात, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण आता ती चकाकी तळव्यावर काढून पाहा. बोटाने रेघ काढता येते, गाठ काढता येते. चकाकी कशी काढणार? अलीकडे तर मोठमोठ्या कंपन्या आपली जुनी अक्षरे टाकून एकसारखी गुळगुळीत अक्षरे घेत सुटल्या आहेत, आणि नावे झाकली तर कोण कोणती हे त्यांच्या मालकांना तरी ओळखता येईल का, याची मला शंका आहे. असो.

या साऱ्याचा आपल्याशी एक धागा जुळतो. आयबीएमसाठी नॉयस यांनी ज्यांना गोळा केले त्यांत चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर दांपत्यही होते. त्यांनी भारत सरकारसाठी १९५८ साली डिझाइनविषयी एक अहवाल लिहिला, ज्यात आपल्या साध्या लोट्याची त्यांनी मनापासून वाखाणणी केली आहे, आणि त्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तिथल्याच शेखर कामत यांनी केलेले चिन्ह स्टेट बँकेने १९७१ साली घेतले. त्याआधी बँकेच्या चिन्हात पारंब्यांचा वटवृक्ष होता, तो बोटाने काढायला बसलात तर माझी वेळ संपून जाईल. नवे चिन्ह मात्र अगदी थोडक्यात सांगता येते: एक भरीव निळे वर्तुळ, त्याच्या मध्यभागी एक छोटे पांढरे वर्तुळ, आणि त्या छोट्या वर्तुळापासून सरळ खाली, कडेपर्यंत गेलेली एक पांढरी फट. कुणी याला कुलपाचे किल्लीभोक म्हणतात, कुणी त्यात अहमदाबादचा कांकरिया तलाव पाहतात, बँकेच्या मते मध्यभागी सामान्य माणूस आहे.

हे भाषण लिहिताना मी माझ्या सात वर्षांच्या नातवाचा तळवा हातात घेतला. त्याला डोळे मिटायला सांगितले आणि बँकेचे नाव न काढता ते वर्तुळ, ते छोटे वर्तुळ आणि ती फट त्याच्या तळव्यावर बोटाने काढली. मग विचारले, हे काय आहे? मला वाटले, किल्लीचे भोक म्हणेल. पण त्यांच्या घराचे दार आकडे दाबून उघडते, हे मी विसरलो होतो. त्याने डोळे उघडून आपल्या रिकाम्या तळव्याकडे थोडा वेळ पाहिले.

"लॉलीपॉप," तो म्हणाला, आणि मूठ मिटून खेळायला पळाला.