पाच रुपयांचा पुडा आणि उणे पाच ग्रॅम

मंडळी, पाच रुपयांचा बिस्किटचा पुडा डोळ्यांसमोर आणा. किंमत सगळ्यांना पाठ असते. वजन विचारलं की मात्र पुडा उलटून बघावा लागतो.

मैदा, साखर, पामतेल महागलं की कंपनीपुढे दोन वाटा असतात. पाचाचे सहा करायचे, नाहीतर पाचच ठेवून माल कमी करायचा. सहा केले की सुट्ट्या पैशांची कटकट. शिवाय ‘पाच’ गिऱ्हाइकाच्या मनात पक्का बसलेला असतो. वरचा रुपया थेट तोटा वाटतो. डॅनिएल कानेमान आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं, की फायद्याच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याची बोच मोठी असते. ग्रॅमची मनात नोंदच नसते, म्हणून ती बोच होत नाही.

समजा, 60 ग्रॅमचा पुडा 55 चा झाला. वजन 8.3 टक्के घटलं, पण ग्रॅममागची किंमत 9.1 टक्के वाढली. कपात मोठी तशी ही तफावतही मोठी: 20 टक्के माल काढला, तर भाव 25 टक्क्यांनी चढतो. पुड्याची लांबी-रुंदी तीच ठेवून बिस्किट पातळ करतात, किंवा बरणीचा तळ आत दाबतात. शेल्फवर डोळा समोरचा आकार बघतो; जाडी आणि तळ त्याला दिसत नाहीत.

पण आकारच बिघडला तर? ब्रिटनमध्ये 2016 साली टॉब्लरोन या चॉकलेटची 400 ग्रॅमची वडी 360 ची, 170 ची 150 ची झाली. त्यासाठी त्रिकोणी शिखरांमधली अंतरं वाढवली. शिखरांची ती रांग हीच त्या चॉकलेटची ओळख, त्यामुळे फटी लगेच डोळ्यांत भरल्या आणि लोक संतापले. 2018 मध्ये जुना आकार परत आणावा लागला. वजनातली 10 टक्के घट कदाचित खपली असती. ओळखीला लागलेला धक्का खपला नाही.

हा राग भाववाढीचा नसतो, फसवणुकीचा असतो. कानेमान आणि नेच व थेलर हे अर्थतज्ज्ञ यांनी 1986 मध्ये लोकांना विचारलं: हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशी दुकानदाराने 15 डॉलरचं बर्फाचं फावडं 20 ला विकलं, तर? 82 टक्के लोकांनी त्याला अन्याय म्हटलं. मात्र दुकानदाराचा स्वतःचा खर्च वाढला म्हणून वाढलेली किंमत बहुतेकांनी रास्त मानली. म्हणून माझं ठाम मत आहे, की कच्चा माल महागला हे सांगून उघड भाव वाढवणारा ब्रँड गिऱ्हाईक जास्त काळ टिकवतो.

आपल्याकडे पूर्वी बिस्किटं, चहा, साबण अशा 19 प्रकारच्या वस्तू ठरावीक वजनांतच पॅक कराव्या लागत. पॅकबंद मालाच्या नियमांतल्या 2021 च्या दुरुस्तीने ते बंधन काढलं आणि एकक किंमत, म्हणजे ग्रॅम किंवा किलोमागचा दर, छापणं आणलं. ती एमआरपीजवळ शोधा. एक किलोच्या आतल्या पाकिटावर ती दर ग्रॅमला असते, त्याहून मोठ्या पाकिटावर दर किलोला, आणि इथेच गल्लत होते. 900 ग्रॅमच्या धुण्याच्या पावडरवर 0.14 रुपये आणि दीड किलोच्या पाकिटावर 150 रुपये छापले असतील, तर 0.14 ला हजाराने गुणा. 140 येतात, म्हणजे मोठं पाकीटच महाग!

लहान पुड्यांवर मात्र हा आकडा पुरत नाही, कारण तो दोन दशांश स्थळांपर्यंतच असतो. पाच रुपयांचा पुडा 55 ग्रॅमचा असो वा 53 चा, दोन्हींवर 0.09 च येतं. तिथे निव्वळ वजनच वाचायचं.