आधी गाडीची धूळ पाहा, मग एअरब्रश घ्या

मंडळी, आपण सगळे रेल्वेगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करून रंगवणारे. आज विषय ‘पहिला एअरब्रश (दाबाच्या हवेने रंगाचा बारीक फवारा मारणारं पेनासारखं हत्यार) कोणता घ्यावा’ असा जाहीर झालाय, आणि त्यावर मी येणार आहे. पण आधी कर्जतला जाऊ. पुण्याकडे निघालेल्या गाडीला तिथे घाट चढताना मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात, आणि तेवढ्या वेळात आपण वडा घ्यायला उतरतो. पुढच्या वेळी वडा खाताना एखादा जुना डबा उभा दिसला तर त्याच्या खिडक्यांकडे नको, चाकांकडे बघा. बोगीकडे. (बोगी म्हणजे डबा नव्हे बरं का, डब्याखालचा चाकांचा सांगाडा. हे मी दर व्याख्यानात सांगतो आणि सांगत राहणार.)

बोरघाटाचा चढ ३७ला १ आहे. उतरताना गाडी ब्रेक धरूनच येते. बिडाचे ब्रेक-ब्लॉक चाकावर घासतात, लोखंडाची बारीक भुकटी उडते, पावसात गंजते आणि बोगीवर तांबूस तपकिरी थर बसतो. हा थर खाली दाट असतो, डब्याच्या कडेवर चढता चढता विरळ होतो, आणि कुठे संपला ते बोट ठेवून सांगता येत नाही. तीच गोष्ट छपराची. विजेच्या गाडीवर पेंटोग्राफच्या (तारेतून वीज घेणाऱ्या छपरावरच्या सांगाड्याच्या) कार्बन पट्टीची काळी भुकटी, डिझेल इंजिनाच्या धुराड्याभोवती काजळी. या कशालाच कड नसते. कुंचला मात्र कड सोडतोच, कितीही हलका हात असला तरी. आपल्याला एअरब्रश हवा तो एवढ्याचसाठी. नुसता डबा एकरंगी रंगवायचा असेल तर स्प्रेच्या डब्यानेही भागतं.

आता माझी तक्रार ऐका. ती मनात बरीच वर्षं आहे.

माझा पहिला एअरब्रश मी एका दुकानातून घेतला. दुकानदार म्हणाला, “साहेब, पूर्ण सेट आहे, वेगळा कॉम्प्रेसर लागतच नाही.” (कॉम्प्रेसर म्हणजे एअरब्रशला दाबाची हवा पुरवणारं यंत्र.) चार्जिंगवर चालणारा, मुठीत मावणारा पंप. हवा साठवायला टाकी नाही, दाब कमीजास्त करायची सोय नाही, पाणी अडवणारा फिल्टर नाही. महिना जुलै, घर डोंबिवलीत. पुणे शेडच्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाचं मॉडेल मी दोन महिने खपून रंगवलं होतं, नंबरसुद्धा हाताने घातले होते. फक्त छपरावर काजळी द्यायची राहिली होती. पहिली दोन मिनिटं सुरेख गेली. मग फुर्रकन पाणी आलं आणि छपरावर काळे थेंब पडले.

आपल्या मॉडेलांचं माप एचओ, म्हणजे १:८७. प्रतिकृतीवरचा एक मिलीमीटर खऱ्या गाडीवर ८७ मिलीमीटर होतो. मिलीमीटरभराचा डाग म्हणजे खऱ्या इंजिनावर पुरीएवढा डाग! तो पुसायला गेलो तर खालचा रंग निघाला. त्या रात्री मी जेवलो नाही.

झालं काय होतं? हवा दाबली की तापते, पुढे नळीत गार होते, आणि तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं. गार ताकाच्या भांड्याला बाहेरून घाम सुटतो ना, तेच नळीच्या आत. पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत बाष्पाला काय तोटा! त्यातून पंपाला टाकी नसल्यामुळे हवाही धक्क्याधक्क्याने येत होती. दोष एअरब्रशचा नव्हताच. आणि मी मात्र वर्षभर ‘मला हे जमणार नाही’ म्हणून तो कपाटात टाकला. इथे किती जणांच्या कपाटात असा एअरब्रश आहे? ...बघा, हात वर आले.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा भराभर सांगतो.

खर्चाचा मोठा वाटा कॉम्प्रेसरवर करा. टाकी, दाब कमीजास्त करणारा रेग्युलेटर, पाण्याचा फिल्टर, तिन्ही हवेत. १५ ते २० पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप) दाब आपल्या कामाला पुरतो. एअरब्रश डबल अ‍ॅक्शन घ्या: खटका दाबला की हवा, मागे ओढला की रंग. सिंगल अ‍ॅक्शन शिकायला सोपा, पण त्यात रंगाचं प्रमाण स्क्रूने आधी ठरवावं लागतं आणि धूळ तर हात फिरता फिरता विरळ व्हायला हवी. रंगाची वाटी वर असलेला घ्या, दोन थेंबांतही काम होतं. नोझल, म्हणजे रंग बाहेर पडण्याचं टोकाचं छिद्र, ०.३ किंवा ०.३५ मिलीमीटरचं. ०.२च्या मोहात पडू नका, पुण्याच्या एप्रिलमध्ये अ‍ॅक्रिलिक त्याच्या टोकाशीच वाळतं. ०.५ मोठ्या पृष्ठभागाला छान, पण आयसीएफचा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) अख्खा डबा आपल्या मापात जेमतेम २४५ मिलीमीटर भरतो, तो ०.३नेही रंगतो. रंग दुधाइतका पातळ करा. हवा आधी सुरू, शेवटी बंद. सुई मागच्या बाजूने काढा, नोझल बेसिनवर धुऊ नका. इनॅमल किंवा लॅकर रंग असेल तर कापडी मास्क चालत नाही, वाफ रोखणारा काडतुसाचा मास्क लावा आणि खिडकी उघडी ठेवा.

सुरुवात इंजिनावर करू नका, मालगाडीच्या एखाद्या जुन्या वाघिणीवर करा. मागच्या टेबलावर मी तीन वाघिणी ठेवल्यात: एक कुंचल्याने मळवलेली, एक त्या मुठीतल्या पंपाने, एक टाकीच्या कॉम्प्रेसरने. कुठली कशाने, ते लिहिलेलं नाही. हातात घेऊन चाकांपाशी बघा, प्रश्न तिथेच घेऊ.